निकाल उत्तम, वही बंद : रोझलिन स्कूल डिस्ट्रिक्टचं प्रकरण

२००२ सालची गोष्ट. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवर होम डेपोच्या एका दुकानात कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की घरदुरुस्तीचा माल चाललाय एका खाजगी घरी आणि बिल लागतंय रोझलिनच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या नावावर. तिथून डिस्ट्रिक्टला खबर गेली, जुनी बिलं काढली गेली, आणि धागा थेट डिस्ट्रिक्टच्या अर्थविभागाच्या प्रमुखापर्यंत पोचला.

पुढे जे बाहेर आलं तो अमेरिकेतल्या शाळांच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या अपहारांपैकी एक ठरला. मला मात्र त्यातली पहिली पायरीच सारखी आठवते. शंका घ्यायचा हक्क आणि कर्तव्य ज्यांचं होतं, त्या निवडून आलेल्या मंडळाला, पगारी हिशेबतपासनिसाला, दरवर्षी मत देणाऱ्या पालकांना ती आली नाही. आली ती दुकानातल्या माणसाला. त्याला शाळेच्या निकालाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच कदाचित आली.

आपल्याकडच्या वाचकासाठी आधी एक खुलासा. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. नासाउ नावाच्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, तब्बल ५६ स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. रोझलिन त्यातलं एक, पाच शाळांचं. आपली जिल्हा परिषद रस्ते, पाणी, आरोग्य आणि शाळा असं सगळं पाहते, आणि शिक्षकांचा पगार वरून येतो. तिथलं डिस्ट्रिक्ट फक्त शाळा पाहतं, पण त्यासाठी स्वतःचा घरपट्टीसारखा कर बसवतं. मंडळ लोक निवडतात, सदस्यांना मानधन नसतं, मंडळ एक अधीक्षक नेमतं, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी गावकरी अंदाजपत्रकावर मतदान करतात. अंदाजपत्रक दोनदा पडलं तर डिस्ट्रिक्टला काटकसरीच्या अंदाजपत्रकावर वर्ष काढावं लागतं. कागदावर बघितलं तर इतका थेट जाब आपल्याकडचा पालक स्वप्नातही मागू शकत नाही.

आणि एक गोष्ट. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात घर घेणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाला विचारा, पहिला प्रश्न ‘डिस्ट्रिक्ट कसं आहे?’ हाच असतो. डिस्ट्रिक्ट चांगलं तर घराची किंमत चढी. म्हणजे शाळेचं नाव हे पालकांच्या मुलांचंच भविष्य नसतं, त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईचं तारणही असतं. हे लक्षात ठेवायचं, कारण पुढच्या सगळ्या शांततेचं मूळ इथे आहे.

अधीक्षक

फ्रँक टॅसोन १९९२ मध्ये रोझलिनला अधीक्षक म्हणून आले आणि बारा वर्षं राहिले. कपडे झकपक, बोलणं गोड, मुलांची आणि पालकांची नावं पाठ. पालकांबरोबर डिकन्सच्या कादंबऱ्या वाचायचा गट ते चालवीत. त्यांच्या काळात रोझलिन हायस्कूलची मुलं देशातल्या नामांकित विद्यापीठांत जाऊ लागली, आणि दर वर्षी ती यादी गावात मिरवली जाई. आपल्याकडे शाळेच्या दर्शनी भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांची नावं ऑइलपेंटने लिहितात, तसलाच प्रकार. फक्त भिंतीऐवजी घरांच्या जाहिरातीत.

हे सगळं खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. निकाल खरे होते. शिक्षक चांगले होते. टॅसोन यांना काम येत होतं. चोर नालायक असता तर तो लवकर सापडला असता.

अर्थविभाग होता पामेला ग्लकिन यांच्याकडे, सहायक अधीक्षक म्हणून. बिल मंजूर करणं, त्याची नोंद करणं आणि चेक काढणं ही कामं वेगवेगळ्या हातांत असावीत हा हिशेबाचा पहिला धडा. वाण्याच्या दुकानातही गल्ला एकाकडे आणि उधारीची वही दुसऱ्याकडे असते. रोझलिनमध्ये सगळं फिरून फिरून एकाच कार्यालयात येत होतं, आणि त्या कार्यालयात हिशेबाची कारकून होती ग्लकिनबाईंची सख्खी भाची. डिस्ट्रिक्टच्या नावाची क्रेडिट कार्डं घरच्यांच्या हातात होती, आणि खाजगी कार्डांची बिलंही शाळेच्या चेकने भागवली जात होती. बाईंची समुद्रकिनाऱ्यावर घरं होती. गाडीच्या नंबरप्लेटवर ‘काहीच करत नाही’ अशा अर्थाची अक्षरं होती. ही गाडी गावात फिरत होती, लोक बघत होते.

२००२ ची ती बैठक

होम डेपोच्या खबरीनंतर जी पहिली चौकशी झाली, तिच्यात सुमारे अडीच लाख डॉलरांचा घोळ दिसला. मंडळापुढे दोन रस्ते होते. पोलिसांत जायचं, किंवा घरातली गोष्ट घरात ठेवायची. टॅसोन यांनी दुसऱ्या रस्त्याची बाजू मांडली. बोभाटा झाला तर शाळेचं नाव जाईल, मुलांचं नुकसान होईल, पैसे परत येताहेत तर प्रकरण संपवावं. मंडळाने ते मानलं. ग्लकिनबाईंनी पैसे भरले, पद सोडलं, आणि गावाला कळलं ते इतकंच की प्रकृतीच्या कारणाने त्या निवृत्त झाल्या.

या निर्णयाकडे आज बघताना मंडळाला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सगळे बिनपगारी, संध्याकाळी ऑफिसातून येऊन बैठकीला बसणारे, बहुतेकांची मुलं त्याच शाळांत. ज्याच्या शब्दावर दहा वर्षं विश्वास ठेवला तो अधीक्षक सांगतोय की रक्कम एवढीच आहे. डिस्ट्रिक्टचा बाहेरचा हिशेबतपासनीसही तेच सांगतोय. आणि खोलीबाहेर अख्खं गाव आहे, ज्याच्या घरांच्या किमती या शाळेच्या नावावर उभ्या आहेत. अब्रू झाकण्याची ओढ किती जबर असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लग्न ठरलेल्या घरात दिवाळं निघालं तर आपणही आधी दार लावून घेतो.

चूक झाली ती दुसऱ्या ठिकाणी. अडीच लाख हा आकडा कुणी काढला, हा प्रश्न त्या बैठकीत विचारायला हवा होता. तो आकडा ज्यांनी दिला, त्यांतल्या एकाचा हात त्याच तिजोरीत होता आणि दुसऱ्याने वर्षानुवर्षं त्याच वह्यांवर ‘बरोबर’ची खूण केली होती. चोरीचा पंचनामा चोराच्या जोडीदाराकडून करून घेतला गेला. टॅसोन यांना प्रकरण मिटवायचं होतं याचं कारण शाळेचं नाव नव्हतं, हे मंडळाला कळायला आणखी दीड वर्षं जावं लागलं.

२००४ च्या सुरुवातीला गावात एक निनावी पत्र फिरलं. त्यात ग्लकिनबाईंच्या जाण्यामागचं खरं कारण होतं, आणि चोरी सांगितली त्याहून मोठी आहे असा आरोप होता. ते पत्र अनेकांनी वाचलं असणार. बातमी केली ती रोझलिन हायस्कूलच्या मुलांच्या नियतकालिकाने, ‘हिलटॉप बीकन’ने. विद्यार्थी संपादिकेने थेट अधीक्षकांना गाठून विचारलं, आणि एका माजी अधिकाऱ्याने पैसे घेतले होते व ते परत झाले, एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं. नाव न छापता बातमी छापली. मोठी वर्तमानपत्रं मागून आली. ज्या मुलांच्या यशाची यादी दाखवून गावाला झोपवलं जात होतं, त्यांतल्याच एकीने हाक मारली; कथेत घातलं असतं तर संपादकाने ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

मे २००४ मध्ये ग्लकिन यांना अटक झाली, जुलैमध्ये टॅसोन यांना. मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे नियंत्रक ॲलन हेवेसी यांच्या कार्यालयाने लेखापरीक्षणाचा अहवाल दिला. आकडा होता १ कोटी १२ लाख डॉलर. २००२ च्या अडीच लाखांच्या जवळजवळ पंचेचाळीस पट. प्रवास, जेवणावळी, गृहकर्जाचे हप्ते, घरदुरुस्ती, कपडे धुलाईची बिलं. टॅसोन यांची काँकॉर्ड या महागड्या, अतिवेगवान विमानाने लंडनवारीसुद्धा. त्यांच्या जीवनसाथीच्या कंपनीला छपाईच्या कामाचे म्हणून लाखो डॉलर गेले होते. अहवालाने मंडळालाही सोडलं नाही आणि हिशेबतपासनिसालाही नाही. तो तपासनीस लाँग आयलंडवरच्या आणखी कितीतरी डिस्ट्रिक्टचे हिशेब तपासत होता.

पालकांना काय माहीत होतं?

इथे थोडं थांबतो, कारण हे प्रकरण ‘पालकांना अंधारात ठेवलं’ असं सांगितलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे.

पालकांना अंदाजपत्रक मिळत होतं. न्यूयॉर्कमध्ये ते मतदानाआधी लोकांसमोर ठेवावंच लागतं, त्यावर जाहीर सुनावणी होते. त्याच्यासोबत शाळांच्या निकालाचं प्रगतिपत्रक जोडावं लागतं आणि कर किती वाढणार याचाही तक्ता असतो. माहितीच्या कायद्याखाली कुणीही नागरिक बिलांच्या याद्या मागू शकत होता. तो कायदा न्यूयॉर्कात १९७० च्या दशकापासून आहे. बैठका खुल्या होत्या. म्हणजे दार बंद नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं.

पण अंदाजपत्रक म्हणजे काय? लग्नाच्या याद्या. मंडपाला इतके, जेवणाला इतके, वाजंत्रीला इतके. यादी कितीही चोख असली तरी हळद उतरल्यावर खरे किती गेले ते खर्चाच्या वहीतच कळतं. रोझलिनकर दर मे महिन्यात याद्यांवर मत देत होते. वही कुणी मागत नव्हतं. अपहार झाला तो अंदाजपत्रकाच्या आतच, ‘साहित्य’, ‘दुरुस्ती’, ‘प्रवास’ अशा निरुपद्रवी रकान्यांच्या पोटात. डिस्ट्रिक्ट श्रीमंत होतं, दर वर्षी रकाने थोडे फुगवले की जागा होत होती. एकूण बेरीज बरोबर येत होती. बेरजेवर मत मागितलं की बेरीजच तपासली जाते.

आणि निकालांचं काय? २००२ च्या जानेवारीत ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा केंद्रीय कायदा झाला आणि देशभरच्या डिस्ट्रिक्टना निकालांची प्रगतिपत्रकं काढणं भाग पडलं. गंमत अशी की त्यात वाचन-गणिताचे गुण होते, पण कुठल्या शाळेत दर मुलामागे किती खर्च झाला हे कुटुंबांपुढे मांडण्याची सक्ती यायला २०१५ चा पुढचा कायदा यावा लागला. मधली तेरा वर्षं गुण एका कागदावर आणि पैसे दुसऱ्या. ज्या पालकाच्या हातात फक्त गुणांचा कागद आहे आणि तो उत्तम आहे, तो दुसरा कागद कशाला मागेल? चांगल्या निकालाने रोझलिनमध्ये प्रश्न विचारण्याची सवयच मोडली होती. निकाल वाईट असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये लोक अंदाजपत्रकाचं पानन् पान उलटतात.

सुरक्षेची गोष्ट घेतली की फरक आणखी स्पष्ट होतो. न्यूयॉर्कने २००० साली शाळांच्या सुरक्षेचा कायदा केला. त्यात दोन आराखडे आहेत. डिस्ट्रिक्टचा एकूण सुरक्षा आराखडा लोकांपुढे ३० दिवस ठेवायचा, सूचना घ्यायच्या, सुनावणी करायची, मग मंजूर करायचा. पण प्रत्येक इमारतीचा आणीबाणीचा आराखडा, म्हणजे कुठल्या जिन्याने मुलं बाहेर काढायची, कुठल्या खोलीत लपवायची, तो कायद्यानेच गोपनीय. माहितीच्या अर्जावरसुद्धा मिळत नाही, पोलिसांकडे मात्र असतो. पुढे सरावही ठरले: वर्षाला बारा, त्यांतले चार सराव दारं बंद करून आत बसण्याचे. हे शहाणपणाचं आहे. काय सांगायचं आणि काय लपवायचं याची रेघ आधीच, शांत डोक्याने, कायद्यात आखलेली आहे, आणि लपवण्याचं कारण मुलाचा जीव हे आहे.

पैशाच्या बाबतीत २००२ मध्ये रोझलिनच्या मंडळाने अशीच एक रेघ ओढली, पण बंद खोलीत, संकट आल्यावर, आणि ज्याचं हित लपवण्यात होतं त्याच्या सल्ल्याने. कारण मात्र तेच सांगितलं: मुलांचं हित.

कायद्याने काय बदललं

२००५ मध्येच न्यूयॉर्कने शाळांच्या आर्थिक देखरेखीचा नवा कायदा केला. त्यातल्या तरतुदी वाचताना रोझलिनमधली एकेक फट दिसत जाते. मंडळाच्या सदस्याला निवडून आल्यावर पहिल्या वर्षात सहा तासांचं हिशेबाचं प्रशिक्षण सक्तीचं. प्रत्येक डिस्ट्रिक्टला लेखापरीक्षण समिती. बिलं तपासणाऱ्याने अर्थविभागाला नव्हे, थेट मंडळाला उत्तर द्यायचं. अंतर्गत लेखापरीक्षण, अगदी चिमुकली डिस्ट्रिक्ट सोडून. बाहेरच्या हिशेबतपासनिसासाठी दर पाच वर्षांनी नव्याने प्रस्ताव मागवायचे, म्हणजे एकच माणूस घरचा होऊन बसत नाही. शिवाय राज्याच्या नियंत्रकाने मार्च २०१० पर्यंत राज्यातल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टचं लेखापरीक्षण करायचं. अशी सुमारे ७०० डिस्ट्रिक्ट होती.

सहा तासांत काय शिकणार, असं म्हणणारे होते. मला ते सहा तास सगळ्यात मोलाचे वाटतात. वकील किंवा दंतवैद्य असलेला मंडळ-सदस्य हिशेबात तज्ज्ञ होणार नाही, पण ‘ही यादी मला आधी का मिळाली नाही?’ एवढं विचारण्याचा धीर त्याला येईल. नसलेल्या माहितीपेक्षा विचारायला लाजणं जास्त महाग पडतं.

जाता जाता, हा अहवाल देणाऱ्या हेवेसी यांचंही ऐकून ठेवा. सरकारी कर्मचाऱ्याला बायकोचा ड्रायव्हर म्हणून राबवल्याप्रकरणी २००६ च्या डिसेंबरात त्यांनी गुन्हा कबूल करून पद सोडलं, आणि पुढे राज्याच्या पेन्शन निधीतल्या लाचखोरीत २०११ मध्ये ते तुरुंगात गेले. त्यांच्या कार्यालयाने रोझलिनबद्दल काढलेला अहवाल मात्र चोख होता. चोख राहिला तो कागद, कारण तो बिलांवर उभा होता. सही करणाऱ्याच्या चारित्र्यावर नव्हे.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पालकाला हे सगळं दूरचं वाटेल. तिथे कोटीने डॉलर, इथे संयुक्त शाळा अनुदान: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, १०१ ते २५० ला ५० हजार, हजाराच्या वर १ लाख. काँकॉर्डचं तिकीट यातून निघत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याचं २१ वं कलम काढून वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, आणि समितीच्या कामांत अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं. अमेरिकेतल्या मंडळाला जे शिकायला १ कोटी १२ लाख डॉलर लागले, ते आपल्या कायद्यात २००९ पासून आहे.

व्यवहारात अनेक गावांत काय होतं ते समितीवर राहिलेल्याला ठाऊक असतं. सभेचं इतिवृत्त आधीच लिहिलेलं असतं, सह्यांसाठी वही घरोघर फिरते, शेतातून आलेली बाई ‘गुरुजी म्हणतात तिथे’ अंगठा किंवा सही करते. गुरुजी बहुधा प्रामाणिकच असतात, आणि घाईतही. म्हणूनच कुणी वही उघडून बघत नाही. शाळेचा निकाल चांगला असेल तर उघडून बघणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात. रोझलिन आणि हे गाव यांच्यात तेवढ्यापुरता तरी महासागर नाही.

टॅसोन यांनी सप्टेंबर २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. २००६ मध्ये त्यांना चार ते बारा वर्षांची शिक्षा झाली आणि २२ लाख डॉलर परत करण्याचा आदेश मिळाला. ग्लकिन यांना तीन ते नऊ वर्षं आणि ४३ लाख. दोघांनाही शिक्षा पुरती भोगावी लागली नाही. टॅसोन २०१० मध्ये बाहेर आले. तुरुंगात असतानाही त्यांची पेन्शन चालू होती, वर्षाला १ लाख ७३ हजार डॉलरांहून जास्त, कारण न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत सरकारी पेन्शन हा करार मानलेला आहे आणि तो तेव्हा मोडता येत नव्हता. २०१७ च्या नोव्हेंबरात मतदारांनी घटनादुरुस्ती केली आणि पदाचा गैरवापर करून गुन्हा करणाऱ्या अधिकाऱ्याची पेन्शन कापण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. ती दुरुस्ती लागू झाली १ जानेवारी २०१८ पासूनच्या गुन्ह्यांना.